कॅन्डिडाचं रूप बदलताना पाहायचं कसं, आणि त्यामागची जनुकं वाचायची कशी

डिसेंबरात सकाळी लॅब उघडली की भिंतीवरचा थर्मामीटर कधी कधी १२-१३ अंश दाखवतो. त्याच खोलीत मे महिन्यातल्या दुपारी पारा ३७ ओलांडतो. नाशिककरांना यात नवल नाही. पण कॅन्डिडा अल्बिकन्सवर प्रकल्प करणाऱ्या प्रत्येकाला मी वहीच्या पहिल्या पानावर हे दोन आकडे लिहायला लावते. खोलीच्या तापमानाला हे यीस्ट अंड्यासारखं गोल-लांबट राहून कळ्या काढतं आणि ३७ अंशाला, योग्य खाद्य मिळालं की, लांब तंतू काढून ऊतकात शिरू शकतं. पाठ्यपुस्तकातल्या पद्धतीत ‘रूम टेम्परेचर’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे त्याचा अर्थ ऋतूनुसार बदलतो, आणि कॅन्डिडाच्या बाबतीत तेवढ्यानेच अख्खा निकाल बदलू शकतो.

हा लेख एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या प्रकल्पासाठी आहे, आणि डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, करून निदान लॅबमध्ये जर्म ट्यूब टेस्ट (सीरममध्ये, म्हणजे रक्तद्रवात, यीस्ट कोवळी नळी काढतं का ते पाहणारी चाचणी) लावणाऱ्यांसाठीही आहे. माझं म्हणणं एकच आहे. पेशीचं रूप म्हणजे पेशीने परिस्थिती वाचून घेतलेला निर्णय असतो. परिस्थिती काटेकोर धरल्याशिवाय जनुकाबद्दल एक वाक्यही लिहू नका.

आधी रूपं ओळखायला शिका

नाशिकच्या मुलांना यीस्ट म्हटलं की वाइनरीतलं सॅकरोमायसेस आठवतं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षांमुळे ते साहजिकही आहे. त्यामुळे यीस्ट म्हणजे एकच आकार, अशी समजूत घेऊन मुलं येतात. कॅन्डिडा अल्बिकन्समध्ये किमान तीन रूपं डोळ्यांनी वेगळी करता यायला हवीत.

पहिलं यीस्ट रूप. पेशी साधारण ५ मायक्रोमीटरची असते, तिला कळी येते आणि कळी सुटून जाते. दुसरं छद्मतंतू, म्हणजे स्यूडोहायफा. यात कळ्या लांबट होतात पण सुटत नाहीत, आणि प्रत्येक सांध्यावर कंबर आवळल्यासारखी दिसते. तिसरा खरा तंतू, म्हणजे हायफा. त्याच्या भिंती समांतर असतात, जाडी साधारण २ मायक्रोमीटर असते आणि मूळ पेशीतून तो जिथे निघतो तिथे आवळलेपण नसतं. पहिला आडपडदा, म्हणजे दोन पेशींमधली भिंत, मूळ पेशीच्या तोंडाशी पडत नाही. तो नळीच्या आत थोडा पुढे पडतो.

शेवटची खूण सर्वांत पक्की, आणि नेमकी तीच सगळ्यात कमी तपासली जाते. छद्मतंतूची जाडी सहसा २.८ मायक्रोमीटरच्या खाली जात नाही, म्हणून ऑक्युलर मायक्रोमीटर लावून मोजा. ‘लांब दिसतंय’ हे निरीक्षण नव्हे.

स्ट्रेन कुठून आणायचा, आणि काय करायचं नाही

स्वतःच्या किंवा मैत्रिणीच्या तोंडातला स्वॅब लावून ‘आयसोलेट’ काढायचा मोह आवरा. कॅन्डिडा अल्बिकन्स हा दुसऱ्या जोखीम गटातला जीव आहे. निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यात तो गुपचूप राहतो, पण प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात रक्तापर्यंत पोहोचतो. काम बीएसएल-२, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या जैवसुरक्षेच्या, शिस्तीत व्हायला हवं. हातमोजे, अ‍ॅप्रन, बायोसेफ्टी कॅबिनेट वापरा, तोंडाने पिपेट ओढू नका आणि प्रत्येक प्लेट १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह करूनच टाका. विभागात कोणी स्टेरॉइड किंवा केमोथेरपी घेत असेल तर त्यांनी या बाकावर बसू नये, हे विभागप्रमुखांनी स्पष्ट सांगावं.

ओळख पटलेला स्ट्रेन, म्हणजे ठरावीक वाण, सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून मागवा. चंदीगडचा एमटीसीसी आहे आणि पुण्याला एनसीएलमधला एनसीआयएम आहे. पुणे आपल्याला जवळ, तरी कुरिअरचे दोन दिवस धरा, आणि उन्हाळ्यात पार्सल शनिवारी निघणार नाही याची खात्री करा. जनुकांच्या अभ्यासात बहुतेक लोक एससी५३१४ हा स्ट्रेन वापरतात. २००४ मध्ये ज्याचा जीनोम प्रसिद्ध झाला तो हाच. तुलनेसाठी बेकरीचं यीस्ट ठेवा. सीरममध्ये ते जर्म ट्यूब काढत नाही, त्यामुळे ते उत्तम निगेटिव्ह कंट्रोल ठरतं आणि पदवीच्या मुलांना आधी त्यावर हात बसवता येतो.

आल्या आल्या स्टॉक करा. २० ते २५ टक्के ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशाला ठेवा. ती सोय नसेल तर उणे २० ला जास्त ट्यूब ठेवा आणि वरचेवर जिवंतपणा तपासा. एकाच स्लँटवरून महिनोन् महिने पुढे नेलेला कॅन्डिडा स्वभाव बदलतो, हे गृहीत धरा.

जर्म ट्यूब: पायरीपायरीने

निदान लॅबमध्ये ही टेस्ट सोपी आहे. अर्धा मिलिलिटर सीरम घ्या, त्यात कॉलनीला हलका स्पर्श केलेलं टोक बुडवा, ३७ अंशाला दोन ते तीन तास ठेवा, मग थेंब स्लाईडवर घ्या. मानवी सीरम टाळा. त्यात संसर्गाचा धोका असतो, आणि रुग्णाने बुरशीविरोधी औषध घेतलं असेल तर निकाल फसतो. बाजारात मिळणारं बोवाइन सीरम वापरा. तीन तासांपुढे थांबू नका, कारण त्यानंतर कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिससारखे भाईबंदही लांबुडके आकार काढू लागतात. कॅन्डिडा डब्लिनिएन्सिस तर वेळेतच पॉझिटिव्ह येतो. त्याला ४५ अंशावर वाढवून पाहिलं की तिथे तो सहसा मागे पडतो. अल्बिकन्सचे काही मोजके स्ट्रेन जर्म ट्यूब काढतच नाहीत, म्हणून निगेटिव्ह आल्यावर लगेच नाव खोडू नका.

प्रकल्पासाठी मात्र एवढं पुरत नाही. तिथे काळ आणि संख्या दोन्ही हवेत.

१. वायपीडी माध्यम करा: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ टक्का, पेप्टोन २ टक्के, डेक्स्ट्रोज २ टक्के. एका कॉलनीपासून ३० अंशाला रात्रभर शेकरवर वाढवा.

२. सकाळी सेंट्रिफ्यूज करून निर्जंतुक सलाईनने दोनदा धुवा. रात्रभराच्या माध्यमात जमा झालेले रेणू पुढच्या प्रयोगात जाता कामा नयेत.

३. न्यूबावर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या चौकटींच्या काचेवर) मोजा आणि १० टक्के सीरम घातलेल्या, आधीच ३७ अंशाला आणलेल्या ताज्या वायपीडीत मिलिलिटरमागे ५ ते १० लाख पेशी टाका. दुसरी फ्लास्क सीरमशिवाय ३० अंशाला ठेवा. तिसरी सीरमसह ३० ला आणि चौथी सीरमशिवाय ३७ ला.

४. शून्य, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी नमुना घेऊन फॉर्मॅलिनमध्ये थांबवा. प्रत्येक नमुन्यात किमान २०० पेशी मोजा आणि यीस्ट, छद्मतंतू, तंतू असे तीन रकाने ठेवा.

तिसरी पायरी मी जीव तोडून शिकवते. एका वर्षी एका विद्यार्थिनीने दाट, दुधासारखं सस्पेन्शन घेतलं, तंतू जवळजवळ आलेच नाहीत आणि तिने ‘हा स्ट्रेन म्युटंट असावा’ असं लिहून टाकलं. मी ते वाचलं आणि पुढे जाऊ दिलं. चूक माझी होती. दाटी झाली की कॅन्डिडाच्या पेशी फार्नेसॉल नावाचा रेणू सोडतात. मिलिलिटरमागे १० लाखांच्या वर गर्दी गेली की त्या तंतू काढायचं टाळून कळ्याच काढत राहतात. २००१ मध्ये फार्नेसॉलचं हे काम उघड झालं, आणि बुरशीच्या पेशीही एकमेकींची संख्या मोजतात हे त्यातून कळलं. तिच्या फ्लास्कमध्ये म्युटंट नव्हता, गर्दी होती.

आडपडदे पाहायला कॅल्कोफ्लुओर व्हाईट आणि फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप हवा. तो नसेल तर लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू घेऊन ४० च्या लेन्सखाली प्रकाश कमी करून पाहा. आडपडदा पुसट दिसतो, पण सांध्यावरचं आवळलेपण नीट कळतं.

आत काय चालतं: कसारा घाटाचं उदाहरण

मुंबईहून येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिन लागतं आणि इगतपुरीला ते सुटतं. पुढे नाशिकरोडपर्यंत गाडी आपल्या इंजिनावर येते. चढणीचं बळ वेगळं, पुढे चालत राहण्याचं बळ वेगळं. कॅन्डिडाच्या तंतूचंही असंच आहे, आणि वर मिनिटांचा हिशेब ठेवायला सांगितला तो यासाठीच.

यीस्ट रूपात तंतूची जनुकं बंद असतात, कारण त्यांच्यावर एनआरजी१ आणि टप१ ही प्रथिनं ठाण मांडून बसलेली असतात. टप१ काढून टाकलं तर पेशी कायमची तंतुमय होते. हे १९९७ मध्ये बर्कहार्ड ब्राऊन आणि अलेक्झांडर जॉन्सन यांनी दाखवलं. म्हणजे तंतू काढण्याची तयारी पेशीजवळ सदैव असते. तिला अडवून धरलेलं असतं.

अडवण उठते कशी? ३७ अंशाची ऊब, सीरम, कार्बन डायऑक्साइड, एन-असिटिल ग्लुकोसामाइन, उदासीन पीएच असे अनेक निरोप येतात. त्यातले बरेचसे सायक्लिक एएमपी आणि प्रोटीन कायनेज-ए या मार्गावर येऊन मिळतात आणि ईएफजी१ या प्रथिनापर्यंत पोहोचतात. दुसरा मार्ग मॅप कायनेजचा, त्याच्या टोकाला सीपीएच१. १९९७ मध्येच जेराल्ड फिंक यांच्या गटाने ईएफजी१ आणि सीपीएच१ दोन्ही काढलेला स्ट्रेन तयार केला. सीरममध्येही तो तंतू काढेना आणि उंदरांतही त्याची मारकता गेली. तापमानाचा निरोप एचएसपी९० या प्रथिनातून येतो. थंडीत ते हा मार्ग दाबून ठेवतं, ऊब वाढली की पकड सैल होते. डिसेंबरातली आपली लॅब तंतूंना का रोखते, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

हा झाला बँकर. पण एनआरजी१ फार काळ गायब राहत नाही, ते परत येतं. मग तंतू वाढत कसा राहतो? हाओपिंग लिऊ यांच्या गटाने २०११ आणि २०१२ मध्ये याचं उत्तर दिलं. सुरुवातीच्या त्या मोकळ्या खिडकीत बीआरजी१ हे प्रथिन तंतूच्या जनुकांपाशी एचडीए१ नावाचं एन्झाइम घेऊन येतं. ते क्रोमॅटिनची (प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएची) मांडणी अशी बदलतं की परतलेल्या एनआरजी१ला बसायला जागाच उरत नाही. पुढची मजल यूएमई६ सांभाळतं. ते कमी असलं तर छद्मतंतू आणि भरपूर असलं तर खरा तंतू, म्हणजे त्याच्या प्रमाणावरही रूप ठरतं. मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. डीएनएचं एक अक्षरही न बदलता पेशी आपला निर्णय टिकवून धरते.

रात्रभराच्या फ्लास्कमधून ताज्या माध्यमात पातळ करण्याची पायरी त्यामुळे निव्वळ रीत राहत नाही. फार्नेसॉलचा प्रभाव उतरणं हा अडवण उठण्याचाच भाग आहे. जुन्या माध्यमातच सीरम ओतलं तर बँकर लागतच नाही.

तंतूबरोबर काय येतं तेही ध्यानात ठेवा. एचडब्ल्यूपी१ पेशीला आपल्या ऊतकाला चिकटवतं. ईसीई१ जनुकापासून कॅन्डिडालायसिन हे ३१ अमिनो आम्लांचं विष तयार होतं, जे २०१६ मध्ये ओळखलं गेलं. तंतू आत घुसतो आणि वाटेतल्या पेशींना छिद्रंही पाडतो. तरीही स्लाईडवर तंतू दिसला म्हणजे रोग, असं रिपोर्टात लिहू नका. ते डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतील.

व्हाईट आणि ओपेक: दुसरी, अधिक नाजूक अदलाबदल

१९८७ मध्ये आयोवा विद्यापीठात डेव्हिड सोल यांच्या गटाने डब्ल्यूओ-१ या स्ट्रेनमध्ये एक विलक्षण गोष्ट नोंदवली. एकाच स्ट्रेनच्या काही कॉलनी पांढऱ्या, घुमटाकार होत्या, काही करड्या आणि चपट्या. पहिलीला व्हाईट म्हणतात, दुसरीला ओपेक. ओपेक पेशी लांबट आणि आकारमानाने मोठी असते, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तिच्या अंगावर पुटकुळ्या दिसतात. जनुकांचा संच दोघींचा तोच, आणि प्रत्येक रूप पिढ्यान् पिढ्या टिकतं. साधारण हजार ते दहा हजार पेशीविभाजनांमागे एखादी पेशी पलटते.

हे प्लेटवर पाहायचं तर पहिली अट स्ट्रेनची आहे, आणि इथेच बहुतेक प्रकल्प फसतात. रुग्णांकडून मिळालेले बहुतांश स्ट्रेन मेटिंग टाइपच्या जागी (कोणाशी मीलन, म्हणजे मेटिंग, होईल हे ठरवणाऱ्या जनुकांपाशी) ए आणि आल्फा दोन्ही बाळगतात. त्या दोघांपासून बनलेलं ए१-आल्फा२ प्रथिन वॉर१ या मुख्य जनुकाला दाबून ठेवतं. एससी५३१४ तसाच आहे, म्हणून नेहमीच्या प्लेटवर त्याच्याकडून ओपेकची वाट पाहणं व्यर्थ. डब्ल्यूओ-१ मिळवा, कारण त्यात फक्त आल्फा आहे. नाहीतर आपल्या स्ट्रेनला सॉर्बोजवर वाढवून पाचव्या गुणसूत्राची एक प्रत गमावलेले वंशज निवडा. मेटिंग टाइपची जागा त्याच गुणसूत्रावर आहे. निवडलेल्या प्रत्येक कॉलनीची ए आणि आल्फा जनुकांसाठी पीसीआरने खात्री करा.

नंतरचं काम चिकाटीचं. माध्यमात मिलिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम फ्लॉक्सिन बी घाला. प्लेटमागे १०० ते १५० कॉलनी येतील इतकं पातळ करून पसरवा आणि २५ अंशाला सात दिवस ठेवा. ओपेक कॉलनी किंवा कॉलनीतली ओपेक फाक गुलाबी होते, व्हाईट पांढरीच राहते. गुलाबी दिसली म्हणून थांबू नका, मेलेल्या पेशीही हा रंग घेतात. गुलाबी भागातून थोडं उचलून मायक्रोस्कोपखाली लांबट पेशी दिसतात का ते पाहा, मग पुन्हा पसरवून ते रूप टिकतं का ते तपासा.

२५ अंश म्हणजे कूलिंग असलेला बीओडी इनक्युबेटर. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. एप्रिल-मेमध्ये त्याच्या आत ३५-३७ होतं आणि ग्लुकोजच्या प्लेटवरच्या ओपेक पेशी सामूहिकपणे व्हाईट होतात. आमच्याकडे एका रविवारी वीज गेली आणि सोमवारी सगळ्या प्लेट पांढऱ्या मिळाल्या. त्यानंतर मी आत कमाल-किमान थर्मामीटर ठेवायला लागले. एक हजाराच्या आतलं ते साधन सहा महिन्यांचं काम वाचवतं. व्हाईट-ओपेकचा प्रकल्प शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्या.

२००६ मध्ये वेगवेगळ्या गटांनी वॉर१ हेच मुख्य जनुक असल्याचं दाखवलं. त्याचं प्रथिन स्वतःच्याच जनुकाच्या पुढ्यात बसून ते आणखी चालू करतं. एकदा पातळी उंबरठ्यापलीकडे गेली की ते स्वतःला चालू ठेवतं आणि मुली-पेशींनाही तोच वारसा मिळतो. सीझेडएफ१ आणि वॉर२ त्याला साथ देतात. समोर उभं असतं ईएफजी१, तंतूला चालना देणारं तेच. इथे ते व्हाईट रूप राखतं आणि वॉर१ त्याला दाबतं. म्हणजे ईएफजी१ काढलेल्या स्ट्रेनमध्ये दोन्ही प्रयोगांचे निकाल बदलतील. ‘तंतूचं जनुक’ हे लेबल किती तोकडं आहे ते यावरून कळावं.

पेशीला या अदलाबदलीचा उपयोग काय, हे २००२ मध्ये मॅथ्यू मिलर आणि जॉन्सन यांनी दाखवलं. ओपेक पेशी व्हाईटपेक्षा सुमारे दहा लाखपट कार्यक्षमतेने मेटिंग करतात. २००० पर्यंत अनेक दशकं कॅन्डिडाला मेटिंग जमतच नाही असं मानलं जाई.

जनुकाबद्दल दावा करण्याआधी

जनुक किती चालू आहे हे आरएनएवरून मोजायला आरटी-पीसीआर करणार असाल तर वरच्याच वेळांचे नमुने वापरा. पेशी लगेच गोठवा, कारण सेंट्रिफ्यूजच्या थंडीतल्या काही मिनिटांतही आरएनए बदलतो. भिंत जाड असते, त्यामुळे काचेच्या मण्यांनी फोडणं आवश्यक. एसीटी१ तुलनेला ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका, दुसरं एखादं स्थिर जनुकही घ्या. एचडब्ल्यूपी१ आणि ईसीई१ वर जाताना आणि एनआरजी१ आधी खाली जाऊन परत येताना दिसलं, तर तुमची चढण नीट झाली. प्रायमर आखण्याआधी कॅन्डिडा जीनोम डेटाबेसवर त्या जनुकाचं पान वाचा. ते मोफत आहे आणि तिथे दोन्ही प्रतींमधले फरक दिसतात.

जनुक काढायचंच असेल तर दोन गोष्टी विसरू नका. कॅन्डिडा द्विगुणित आहे, त्यामुळे दोन्ही प्रती जायला हव्यात. एक गेली तर अर्धवट रूप दिसतं आणि त्याचा अर्थ भलता लावला जातो. आणि या यीस्टमध्ये सीयूजी हा कोडॉन (प्रथिन बनवण्याचा तीन अक्षरी संकेत) ल्युसीनऐवजी बहुतेकदा सेरीन देतो. म्हणून बाहेरून आणलेलं जीएफपी (चमकणारं प्रथिन) किंवा कॅस९ (डीएनए कापणारी कात्री) जसंच्या तसं घालता येत नाही, ते कॅन्डिडासाठी पुन्हा लिहावं लागतं. २०१५ पासून क्रिस्पर या कॅस९ वापरणाऱ्या जनुक-कापणीच्या तंत्राने दोन्ही प्रती एकाच झटक्यात काढता येतात. तरी त्या जागी पीसीआर करून दोन्ही गेल्या आहेत हे पाहा, आणि पाचवं गुणसूत्र शाबूत आहे का तेही तपासा. रूपांतरणाच्या ताणात गुणसूत्रं गळण्याची या यीस्टला सवय आहे.

त्यानंतर जनुक परत घाला. मूळ स्ट्रेन, जनुक काढलेला आणि जनुक परत घातलेला अशा तिन्ही फ्लास्क एकाच दिवशी, एकाच माध्यमाच्या बॅचमध्ये, एकाच शेकरवर लावा. परत घातल्यावर तंतू परतले तर ते जनुक त्या निर्णयात आहे असं लिहा, आणि त्याच ओळीत तापमान, सीरमचं प्रमाण, पेशींची संख्या आणि मिनिटंही लिहा.